अर्थ लागला की डोळा घसरतो

प्रिय टिंबू,

अक्षर मोठं आणि ओळी तिरक्या दिसतील, तिकडे दुर्लक्ष कर. जाड पेनाने लिहितोय आणि कागदाची कड बोटाने चाचपून बघतोय. जन्मभर दुसऱ्यांच्या ओळी सरळ केल्या, आता माझ्याच उतरणीला लागल्यात. तुझं पत्र मात्र मी स्वतः वाचलं, भिंग लावून, दोन सकाळी घालवून. कोणाकडून वाचून घ्यावं असं ते नव्हतं.

तू लिहिलंस की वर्ष झालं, पहाटे पवित्र शास्त्र उघडून बसतेस आणि घशाखाली काही उतरत नाही. प्रार्थनेला डोळे मिटले की डोक्यात शाळेचं वेळापत्रक फिरतं. बायकांची सकाळची वाचनसभा सात वर्षं चालवलीस, ती या रविवारी चर्चमध्ये मंडळीपुढे उभं राहून सोडणार आहेस. इथपर्यंत मी बापाच्या काळजीने वाचलं. तुझी पुढची ओळ वाचली आणि भिंग खाली ठेवलं: बाबांना चाळीस वर्षं रोज पहाटे जी भूक होती ती माझ्यात कधी नव्हतीच, मी नुसती त्यांची नक्कल करत आले. हे तू सगळ्यांसमोर सांगणार आहेस म्हणे.

तुला दिसायचं ते खरं होतं. पहाटेचे पाच, स्वयंपाकघरातलं टेबल, दिवा, शास्त्राची पानं आणि त्यांवर वाकलेला बाप. तू चादर गुंडाळून दारात उभी राहायचीस आणि आई तुला मागे ओढायची, बाबा देवाजवळ बसलेत म्हणून. बाबा देवाजवळ बसलेले नव्हते, टिंबू. बाबा छापखान्यातलं उरलेलं काम करत होते.

शास्त्राची कोणती ना कोणती आवृत्ती आमच्याकडे कायम चालू असे आणि प्रुफं तपासायला छापखान्यात आम्ही दोघंच. दिवसा उरकायचं नाही, म्हणून मी गठ्ठा घरी आणायचो. आमची वाचायची रीत उलटी. ओळीच्या शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे यायचं, म्हणजे वेलांटी, उकार, अनुस्वार, काही सुटत नाही. सरळ वाचलं तर माणूस वाक्यात गुंततो. अर्थ लागला की डोळा घसरतो, असं आमचे जुने तपासनीस बजावायचे. मी अर्थ लागूच दिला नाही. डोळ्यांत तेल घालून अख्खं शास्त्र अकरा वेळा तपासलं, पण वाचलं असं म्हणायला जीभ धजत नाही. तू जन्मलीस तेव्हा एवढीशी होतीस की मी तुला टिंब म्हणालो, तेसुद्धा त्या धंद्यातूनच आलेलं.

मंडळीत मला मान होता. कोणतं वचन कुठल्या पानावर, डावीकडे की उजवीकडे, मी झोपेतही सांगितलं असतं. पाळकसाहेब उपदेशात अडले तर माझ्याकडे बघायचे. मी मूग गिळून बसलो. खोटं एक अक्षर बोललो नाही, पण लोकांची समजूत दुरुस्तही केली नाही, आणि दुरुस्त करणं हाच तर माझा धंदा.

आईला ठाऊक होतं. तुला मागे ओढायची खरी, पण कधीतरी चहाचा कप ठेवताना विचारायची, वाचताय की तपासताय? मी हसण्यावारी न्यायचो. ती इस्पितळात होती तेव्हा तू बाळंतपणात अडकली होतीस, म्हणून पुढचं तुला माहीत नाही. एका दुपारी ती म्हणाली, काहीतरी वाचून दाखवा, सावकाश. मी तिचं आवडतं पान उघडलं. दोन ओळी वाचल्या आणि तिसरीत थांबलो. एका शब्दावरचा अनुस्वार गळला होता, माझ्याच हाताखालून गेलेल्या छापील प्रतीत. मी उठलो, पिशवीत पेन्सिल शोधली, समासात खूण केली. परत बसलो तर ती माझ्याकडेच बघत होती. चूक सापडली का, म्हणाली, बरं झालं. आणि डोळे मिटून घेतले. त्यानंतर नऊ दिवस होती. मला पुन्हा वाचायला सांगितलं नाही. नर्सबाईंना जरा सवड मिळाली की त्यांच्याकडून ऐकायची आणि मी बाहेर बाकावर बसायचो. माझ्या हातून ती उपाशी गेली. हे मला अजून सहन होत नाही.

दोन वर्षांपूर्वी डोळे अधू झाले तेव्हा आमच्या छापखान्यातला म्हातारा बाईंडर सकाळी सातला चहाच्या निमित्ताने यायला लागला. चहा व्हायचा, मग तो शास्त्रातल्या दहा ओळी वाचायचा. आयुष्यभर पुस्तकं शिवली, वाचलं एकही नाही, असं स्वतःच सांगायचा. बोट ठेवून वाचायचा, जोडाक्षर आलं की खोकून पुढे सरकायचा. पहिल्या आठवड्यात मी त्याला इतकं टोकलं की त्याने पुस्तक मिटलं. मास्तर, ऐकायचं तर ऐका, नाहीतर मी चहा पिऊन जातो, म्हणाला. मी टोकणं सोडलं. तो इतका हळू वाचायचा की पुढच्या शब्दाची वाट बघावी लागे, आणि वाट बघताना अर्थ लागायचा. माझा काही इलाज चालत नसे. सहा महिने असा नुसता बसलो, तोंडदेखलाच म्हण. मग एक दिवस गुडघा धरला म्हणून तो आला नाही. मी चहा प्यालो, टोस्ट खाल्ला, पुन्हा चहा प्यालो, तरी काहीतरी राहिलंय असं होत राहिलं. काय राहिलंय ते कळायला अकरा वाजले: त्या दहा ओळी. आनंद झाला नाही. आई त्या दुपारी काय मागत होती ते समजलं आणि मी खुर्चीतच रडलो.

भूक आधी लागते आणि मग माणूस ताटावर बसतो, असं तुलाही वाटतंय. माझं तरी तसं झालं नाही. आणि जे झालं ते टिकेल याची खात्रीही नाही. बाईंडर गेल्या महिन्यात मुलाकडे कायमचा राहायला गेला. बावीस दिवस झाले. भिंगातून मला एका वेळी एकच अक्षर दिसतं, आणि तसं दिसलं की मी पुन्हा कामावर रुजू. काल एक चुकलेला उकार सापडला आणि मला बरं वाटलं. त्याचीच भीती वाटते. पोटात काही गेलं नाही की ही भूक मरते आणि मेलेली कळतही नाही. चाळीस वर्षं मला कळली नाही.

तेव्हा सभा सोडायची तर सोड, मी अडवणार नाही. पण माझ्याशी तुलना करून सोडू नकोस, आणि मला उदाहरण म्हणून उभा करू नकोस. सांगायचंच झालं तर हे पत्र मंडळीत वाचून दाखव. आता एक मागतो. रोज सकाळी फोन करून मला दहा ओळी वाचून दाखवशील? तुला गोडी वाटलीच पाहिजे असं काही नाही. तापात तुझ्या तोंडाची चव गेली होती तेव्हाही तू लेकराला भरवत होतीसच की. तुझ्या आईला मी हे दिलं नाही, म्हणून तुझ्याकडे मागायचा मला हक्क नाही, हेही कळतं. नाही म्हणालीस तरी रागावणार नाही. पण मी उपाशी आहे, टिंबू, आणि हे सांगायला मला तुझ्याशिवाय कोणी नाही.

फोनजवळ बसलेला,
तुझाच बाबा