शाईच्या बोटाची प्रतिक्रिया

गुरुवार, संध्याकाळ. वारजे

मतदान केंद्राच्या दारात हे हळूच म्हणाले, "अगं, मी मत कुणाला देतो?" लग्नापासून आम्ही एकमेकांना मत सांगितलेलं नाही. विसरणं आता इथवर आलं तर. माझ्या उमेदवाराचं नाव अगदी ओठांवर आलं होतं. "मला काय विचारता? आत जा, नावं वाचा, ठरवा!" फारच कडक बोलले का? बाहेर आले ते शाईचं बोट नाचवतच.

"कुणाला दिलंत?"

"तुला कशाला सांगू?"

जीव भांड्यात पडला.

घरी येऊन कित्येक वर्षांनी ब्लॉग लिहायला बसले. पूर्वी माझ्या प्रत्येक लेखाखाली यांची पहिली प्रतिक्रिया असायची, तीही विरोधातली. नव्या ब्राउझरला माझा पासवर्ड ठाऊक नाही. यांच्या संगणकावरच्या जुन्या ब्राउझरला मात्र तो अजून आठवतो. त्याचं कौतुक वाटलं, आणि उगीच रागही आला. निवडणुकीवर चार परिच्छेद टाकले. हे मागे उभे राहून वाचत होते.

"ही बाई लिहिते बरं. मतं मात्र चुकीची आहेत."

मी उठून खुर्ची रिकामी करून दिली. "अहो, मग कळवा तिला तसं."

शाईच्या बोटाने एकेक अक्षर शोधत त्यांनी कळवलं. पूर्वीसारखंच.