साडेनव्याण्णवची ऊब

४ फेब्रुवारी
चोवीस अंडी, पिल्लं नऊ! लावा पक्ष्याचं पिल्लू ते केवढं, अंगठ्याएवढं. उरलेली पंधरा एकेक करून फोडून बघितली. चूक माझीच. अंडी दहा दिवसांची शिळी घेतली, आणि शेवटी शेवटी वॉर्डात राउंड घ्यावा तसं तासातासाला उबवणीच्या पेटीचं झाकण उघडलं. आतला सगळा दमटपणा बाहेर.

निवृत्तीची भेट म्हणून मुलाने ही पेटी आणली, तेव्हा म्हणाला होता, आईला कुणाची तरी नाडी बघितल्याशिवाय चैन पडायचं नाही. सूनबाई हसली नाही. वर्ष झालं, ती माझ्याशी 'हो आई', 'नको आई' एवढंच बोलते. त्या तापाच्या प्रकरणापासून. माझं काही चुकलं नव्हतं.

६ फेब्रुवारी
ताजी चोवीस अंडी लावली, निमुळतं टोक खाली. दिवसातून तीनदा फिरवायची. शेवटचे तीन दिवस पाणी वाढवायचं आणि झाकणाला हात लावायचा नाही.

आणि खरा रोग सापडला! पेटीचा काटा साडेनव्याण्णव दाखवतो, माझा काचेचा थर्मामीटर अठ्ठ्याण्णवच. तीस वर्षं नर्सिंग केलं ते याच्या भरवशावर. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथे अंगण खरंच वाकडं निघालं! माझा थर्मामीटर साडेनव्याण्णव म्हणेपर्यंत उष्णता वाढवली.

१५ फेब्रुवारी
एकदाही फिरवायला चुकले नाही. सूनबाई जाता जाता पेटीपाशी थांबली, काट्याकडे बघत राहिली.

२१ फेब्रुवारी
दोन दिवस आधीच फुटली. चार! पाय फाकलेले. त्यातलं एक संध्याकाळी गेलं. सगळं नियमाबरहुकूम करून चार. जेवण गेलं नाही.

२२ फेब्रुवारी
अंडी देणाऱ्या पोल्ट्रीवाल्याला फोन केला. म्हणाला, लवकर फुटली म्हणजे उष्णता जास्त झाली, दुसऱ्या थर्मामीटरने बघा. म्हटलं, आहे की माझा. म्हणाला, "तो सोडून दुसरा, बाई." आगाऊ मेला!

सूनबाईने ऐकलं असावं. आत गेली, आपल्या कपाटातून एक थर्मामीटर आणून टेबलावर ठेवला. दोन्ही कोमट पाण्याच्या पेल्यात धरले. तिचा शंभर, माझा साडेअठ्ठ्याण्णव. तीनदा केलं. तीनदा तेच.

२३ फेब्रुवारी
मागच्या वर्षी ती दोन दिवस सांगत होती, अंग तापलंय. मी माझा थर्मामीटर लावून बघितला. साडेअठ्ठ्याण्णव. म्हटलं, ताप नाही, कामाचा कंटाळा आहे, थर्मामीटर खोटं बोलत नाही. तिसऱ्या दिवशी ती ओट्यापाशी चक्कर येऊन पडली. तरी मी माझंच घोडं दामटलं — म्हणे नीट जेवत नाही! शंभर ताप होता पोरीला. माझी मलाच लाज वाटते आहे.

आज तिच्यासमोर बसले. म्हटलं, चुकले मी. मग विचारलं, तुझा थर्मामीटर कधीचा?

"पडले त्या दिवशीचा. तोवर ताप एकशे एकवर गेला होता."

"मग मला दाखवला का नाहीस?"

"तुमची तीस वर्षं होती, आई. माझे तीनच दिवस."



२४ फेब्रुवारी
पुन्हा चोवीस अंडी. पेटीचा काटा मुकाट साडेनव्याण्णववर ठेवला. दुपारी फिरवायचं काम सूनबाईने आपणहून मागून घेतलं.

१० मार्च
फिरवणं बंद. झाकण बंद. माझे हात नुसते शिवशिवतात.

१३ मार्च
एकोणीस! सगळी आपल्या पायावर उभी. सकाळी मी झाकणाकडे वळले, तर सूनबाई म्हणाली, "सिस्टर, राउंड संपला." हसली!

२ एप्रिल
सूनबाई सकाळी आपणहून म्हणाली, "आई, अंग कसकसतंय." कपाळावर हात ठेवला, पांघरूण घातलं, आणि ओट्याकडे वळले. थर्मामीटर काढलाच नाही.