सौनात वाळवलेला थेंब

कुओपिओ

लाडक्या बाबा,

तुमच्या रक्ताचा थेंब टिपलेलं कार्ड पोचलं. पण ते सौनाच्या गरम खोलीत वाळवलंत ना? रक्त असं घट्ट बसलंय की त्यातलं औषध सुटतच नाही! लॅबमधला याउरी म्हणाला, "म्हातारबांनी रक्तालाही घाम काढला!"

नवीन कार्ड टेबलावरच वाळवा आणि पोस्टानं पाठवा. थेंब भिजवला की आमची केसाएवढी सुई त्यातलं औषध बरोब्बर शोषून घेते. रक्तात औषध किती आहे, तो आकडा नक्की मिळेल, हॉस्पिटलपर्यंत गाडी हाकायला नको.

त्या गोळ्यांनी हात अजून थरथरतात का? आई फोनवर विषयच बदलते. आकडा येईतोवर स्वतःच्या मनानं गोळ्या कमी करू नका, नवी किडनी त्यांच्यावरच टिकून आहे. आईनं तुम्हाला स्वतःची एक किडनी दिलीय. दुसरी मागायला तोंड उरणार नाही.

तुमचीच हट्टी,
व्हेन्ला