विमानात मोठ्यांना न टोकल्यामुळे कापलेले गुण परत मिळणेबाबत

प्रति,
मा. मुख्य उड्डाण प्रशिक्षक साहेब,
हवाई दल वैमानिक प्रशिक्षण केंद्र
(केंद्राचे नाव मुलगी सांगत नाही. पाकिटावरचा पत्ता तिच्या ट्रंकेवरून उतरवून घेतला आहे.)

विषय : कु. निशा मगदूम हिला चांगल्या वळणाबद्दल झालेली शिक्षा रद्द करणेबाबत.
संदर्भ : मुलीने फोनवर रडत सांगितलेली हकीकत.

महोदय,

मी, धरणेंद्र भरमू मगदूम, राहणार सदलगा, तालुका चिकोडी, आपणास सादर करतो की, माझी कन्या निशा आपल्याकडे विमान शिकते. प्रत्येक उड्डाणानंतर सोबतचे सर गुण देतात, त्यावर क्रमवारी लागते, आणि वरच्या मोजक्यांनाच लढाऊ विमान मिळते, असे समजते. पद्धत उत्तम आहे. आमच्याकडे वशिल्याशिवाय साधा नळ मिळत नाही, त्यामुळे कौतुकच वाटले.

गेल्या महिन्यात उतरायच्या वेळी सरांनी विमान स्वतःच्या हातात घेतले आणि मुद्दाम वेग कमी कमी होऊ दिला. निशाला वेगाचा काटा खाली जाताना दिसत होता. ती बोलली नाही. सर मोठे आहेत, त्यांच्या ध्यानात असेलच, असे तिला वाटले. खाली आल्यावर ‘धोका बोलून दाखवणे’ या रकान्यात तिला भोपळा मिळाला व ती दुसऱ्या क्रमांकावरून मधल्या घोळक्यात गेली. चूक केली सरांनी, गुण गेले मुलीचे. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची सोय हवाई दलातही आहे, हे पाहून आपलेपणा वाटला.

साहेब, हे वळण सहज लागलेले नाही. मोठ्यांपुढे तोंड उघडू नये, हे शिकवायला आमच्या घराण्याने पिढ्या घातल्या आहेत. दोन वर्षांमागे थोरले बंधू जिनेंद्र अण्णा आम्हाला जीपमधून संकेश्वरच्या लग्नाला नेत होते. संकेश्वर आले, मागे पडले, अण्णा बेळगावच्या दिशेने चाललेच. जीपमधल्या सर्वांना कळले होते. कोणी चकार शब्द काढला नाही. लांबवर गेल्यावर अण्णा स्वतःच म्हणाले, “संकेश्वर लई लांब गेलंय की रं.” आम्ही म्हणालो, “व्हय अण्णा.” अक्षता चुकल्या, पण मान राहिला. अशा जीपमध्ये वाढलेल्या मुलीला आपण शून्य देता.

त्यानंतर आपण तिला घरी पाठवताना काय सांगितले कोण जाणे. सुट्टीत ती पाहुण्यांसमोर आजीला म्हणाली की रक्तदाबाची गोळी चुकली आहे. गोळी चुकलीच होती, तो मुद्दा वेगळा. पुढच्या आठवड्यात पुन्हा संकेश्वरलाच लग्न होते, पुन्हा अण्णांची जीप. अण्णा फाटा सोडून पुढे निघताच ही मागून मोठ्याने म्हणाली, “अण्णा, चुकतंय. वळा.” अण्णांनी जीप थांबवली, आरशात तिच्याकडे पाहिले आणि वळवली. अक्षता मिळाल्या. अण्णा जेवणापर्यंत कोणाशी बोलले नाहीत.

सबब, आपल्या रकान्यात हवा तो गुण मुलीत पुरेपूर उतरला असून त्याचा त्रास आम्ही सोसत आहोत. तेव्हा गुण परत देऊन तिला पूर्वीच्या क्रमांकावर घ्यावे, अशी विनंती मी करणार होतो.

परंतु वरील मजकूर निशाने वाचला व माझ्या तोंडावर सांगितले, “आप्पा, ह्यो अर्ज चुकीचा हाय. सरांनी गुण बरोबर कापल्यात. काटा खाली चाललाता आणि मी गप बसले. त्यादिवशी सर मुद्दाम करत होते. उद्या कोण मुद्दाम न्हाय करणार.” अक्षता चुकल्या त्या दिवशी मी अण्णांच्या शेजारीच बसलो होतो. ती वरून पडली असती आणि पडताना मोठ्यांचा मान राखत गप्प असती, हे ती असे बोलल्यापासून मनातून जात नाही.

म्हणून विनंती बदलतो. गुण द्यावेत अगर देऊ नयेत, लढाऊ विमान द्यावे अगर हेलिकॉप्टर द्यावे. पण तिच्या शेवटच्या चाचणीत सरांनी कृपा करून पुन्हा एकदा मुद्दाम चूक करावी, आणि ती बोलली की नाही एवढे मला कळवावे. आम्ही घरचे सर्वजण उपकृत राहू.

मुलीपुढे नम्र झालेला, आपलाही नम्र,
(सही)
धरणेंद्र भरमू मगदूम
सदलगा, ९ जून २०२५

सोबत : ‘पुतणीने टोकले ते बरोबर होते’ असे श्री. जिनेंद्र मगदूम यांचे सहीचे पत्र. (सही करायला ते तयार नव्हते. चुकतंय, असे निशाने सांगितल्यावर केली.)