वाटाण्याच्या खिम्यात मांस आढळले नाही म्हणून लावलेले सील काढण्याबाबत

दि. १४ मार्च

प्रति,
मा. अन्न निरीक्षण अधिकारी,
बाजार विभाग कार्यालय, दुसरा मजला.

विषय : मटणाच्या दुकानातील वाटाण्याच्या खिम्यात मांसाचा अंश नसल्याच्या कारणावरून दुकानास लावलेले सील काढणेबाबत.

संदर्भ : १) आपली नोटीस दि. ३ मार्च (भेसळ). २) आपलीच नोटीस दि. ९ मार्च (दुर्गंधी).

महोदय,

मी अन्नरसायनशास्त्राची पदवीधर असून एका बिस्किट कारखान्याच्या प्रयोगशाळेत तपासनीस आहे. माझे वडील एकेचाळीस वर्षे बाजारात मटणाचे दुकान चालवीत आहेत. ते दुकान अकरा दिवस बंद आहे. दि. १७ रोजी आपल्यासमोर सुनावणी असून, भेसळीचा ठपका कायम झाल्यास परवाना रद्द होईल, असे नोटिशीत म्हटले आहे. म्हणून हकीकत क्रमाने मांडते.

१. गेल्या वर्षी वडिलांच्या छातीत दुखले. डॉक्टरांनी मटण बंद करण्यास सांगितले. दिवसभर मटण कापायचे आणि घरी येऊन उकडलेल्या भाजीसमोर बसायचे, असा त्यांचा दिनक्रम झाला. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी त्या भाजीला उद्देशून काढलेले उद्गार अर्जात लिहिण्यासारखे नाहीत. त्यामुळे मी वाटाण्यातील प्रथिने, अळंबी, बीट व तेल यांपासून खिमा तयार करण्याचे ठरवले. पहिले सात प्रयत्न फसले. चौथ्याला तर घरच्या मांजरानेही तोंड लावले नाही. आठवा खिमा वडिलांनी दोनदा मागून घेतला व तो कोणत्या दुकानातून आणला, असे करड्या आवाजात विचारले. दुसऱ्याचा माल घरात आल्याचा त्यांना संशय आला होता.

२. या पदार्थाचे गुण फुगवून सांगण्याची मला सवय नाही. त्यात कोलेस्टेरॉल नाही. संपृक्त चरबी, माझ्या मोजणीनुसार, आमच्याच दुकानातील खिम्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकी आहे. मांसात नसणारे तंतुमय घटक (फायबर) त्यात आहेत. मीठ मात्र थोडे जास्त आहे आणि बी-१२ हे जीवनसत्त्व बाहेरून घालावे लागते. या दोन्ही गोष्टी दुकानातील पाटीवर खाली बारीक अक्षरात लिहिल्या आहेत. पर्यावरणाच्या दृष्टीने पाहता, आधी जनावराने चारा खायचा व मग आपण जनावर खायचे, या वळशात जमीन आणि पाणी फार खर्ची पडते. शिवाय रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातून निघणारा वायू हवा तापवतो. वाटाणा रवंथ करीत नाही. सहा महिन्यांत वडिलांचे कोलेस्टेरॉल उतरले. परंतु त्याच काळात ते रोज चालूही लागले होते आणि नमुना एकच आहे, त्यामुळे यावरून मी कोणताही निष्कर्ष काढीत नाही.

३. जानेवारीपासून वडिलांनी स्वतः होऊन हा खिमा दुकानात ठेवला. ट्रे वेगळा, चमचा वेगळा, झाकण वेगळे. वर हिरवी पाटी : ‘वाटाण्याचा खिमा. यात मांस नाही.’ दि. २४ फेब्रुवारी रोजी आपले निरीक्षक आले, त्या वेळी ती पाटी धुऊन मागच्या दाराशी वाळत होती. ही आमची चूक आहे व ती मला मान्य आहे. निरीक्षकांनी त्या ट्रेकडे बोट करून ‘खिमा कसा आहे?’ असे विचारले. वडिलांचे उत्तर पंचनाम्यात जसेच्या तसे आहे : “घ्या साहेब, सकाळचाच आहे. कोवळं जनावर. हाडाची कच लागली तर दुकान तुमच्या नावावर करतो.”

महोदय, हे वाक्य वडील एकेचाळीस वर्षे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आले आहेत. ते विचारपूर्वक बोललेले नसून तोंडाला बसलेले आहे. तरीही त्याची तपासणी केली असता असे दिसते की, खिमा सकाळचाच होता व त्यात हाडाची कच नव्हती. तीनपैकी दोन विधाने अचूक आहेत. मधले विधान तेवढे चुकीचे आहे. पंच म्हणून बोलावलेले शेजारचे शिंपी दोन महिने हाच खिमा नेतात. “अहो, वाटाण्याचं आहे ते, आमच्या घरी रोज शिजतंय,” असे ते दोनदा म्हणाले. पंचाने फक्त सही करायची असते, असे त्यांना सांगण्यात आले.

४. त्या ट्रेतून नेलेल्या नमुन्यावर शासकीय प्रयोगशाळेने ‘मांसाचा अंश आढळला नाही’ असा अहवाल दिला. मी त्याच क्षेत्रातली असल्याने सांगू शकते की, काम चोख झाले आहे. माझी हरकत फक्त ‘भेसळीचे प्रमाण : शंभर टक्के’ या नोंदीला आहे. भेसळ होण्यासाठी मूळ पदार्थ थोडा तरी शिल्लक असावा लागतो.

५. दि. ३ मार्च रोजी दुकानास सील लागले व वीज बंद करण्यात आली. त्या वेळी शीतकपाटात बावीस किलो खरे मटण होते. वडिलांनी ते तेव्हाच सांगितले होते. पुढे जे व्हायचे ते झाले. दि. ९ रोजी आपली दुसरी नोटीस आली की, दुकानात मांस कुजत असून ते अठ्ठेचाळीस तासांत हलवावे, अन्यथा कारवाई होईल. पहिल्या नोटिशीनुसार सील तोडणे हा गुन्हा आहे. म्हणजे मांस नाही म्हणून आम्ही आत जाऊ शकत नाही आणि मांस आहे म्हणून आत गेलेच पाहिजे. दोन्ही नोटिशींवर आपली सही आहे.

मी दि. १० रोजी आपल्या कार्यालयात आले होते. मांस हलवण्याच्या परवानगीसाठी दुकानात मांस असल्याचा प्रयोगशाळेचा दाखला जोडावा लागतो, असे खिडकी क्रमांक तीनवर समजले. तेथील लिपिकबाईंनी सहानुभूतीने फाईल उलटून दाखवली व म्हणाल्या, “मी काय करू ताई? कागद म्हणतोय मांस नाहीच.”

६. सध्या शेजारचे शिंपी नाकाला अत्तराचा रुमाल बांधून शिवतात. त्यांच्याकडच्या दोन पँटी वासाच्या कारणावरून परत आल्या आहेत. वडील रोज सकाळी आठ वाजता दुकानासमोर स्टूल टाकून बसतात. येणारीजाणारी ओळखीची माणसे “काका, आत काय मेलंय?” अशी थट्टा करतात. आधी वडील हसत असत. परवापासून ते हसत नाहीत. त्यांनी दुकानात कधी माशी बसू दिली नाही. परवाना जाईल याची त्यांना काळजी आहेच, पण आपल्या दुकानाला वास येतो हे ऐकताना त्यांची मान खाली जाते. हे मी पाहिले आहे.

७. सबब विनंती की, सुनावणीची वाट न पाहता कुजलेले मटण काढून दुकान धुण्यासाठी सील उघडावे, भेसळीची नोंद रद्द करावी आणि परवाना कायम ठेवावा. कार्यालयाच्या नियमाप्रमाणे मटण व वाटाणा यांपैकी एक ट्रे दुकानातून उचलणे आवश्यकच असेल, तर तो माझा उचलावा. परवाना वडिलांचा आहे, पदार्थ माझा आहे. यापुढे तो मी फक्त घरापुरता करीन.

खिडकी क्रमांक तीनवर उत्तराची वाट पाहणारी,

(सही)
दुकानदारांची मुलगी

सोबत : दोन्ही नोटिशींच्या प्रती (एकत्र वाचाव्यात). पंचनाम्याची प्रत. हिरवी पाटी, मूळ, वाळलेली. वडिलांचे रक्ततपासणीचे दोन अहवाल. शिंप्यांचा जबाब, सहीसह, थोडा अत्तराचा वास असलेला.

दुकानदाराचा शेरा (त्यांच्याच अक्षरात) :

साहेब, पोरीनं लिहिलंय ते सगळं खरं, सात नंबर सोडून. तो तिनं मला न विचारता घातला. जनावर म्हणालो ती चूक माझी, तिची नाही. मटण काय, पुढच्या गल्लीतही मिळतं. ही वस्तू दुसरीकडे कुठं नाही. एकच ट्रे ठेवू देणार असाल तर तिचा ठेवा. तो विकायला मी उभा राहतो.