सेम हॉटेलसारखं

२ नोव्हें., रवि.
पौड रोडच्या हॉटेलात जेवलो. हे, मी, तनू. सासूबाई, म्हणजे आत्या, घरीच. त्यांना हॉटेलचं तेल बाधतं. पनीर बटर मसाला, रोट्या. तनूने वाटी चाटूनपुसून लख्ख केली. लई भारी होतं, खोटं कशाला बोलू. भऱ्याला घरी परत येताना गाडीवर हे म्हणाले, "बुधवारी घरी कर. सेम पायजे." मी म्हटलं, करते की, त्यात काय एवढं. माझं तोंडच माझं वैरी.

५ नोव्हें., बुध.
मार्टमध्ये कामाला असण्याचा एवढाच फायदा, नवीन माल काय आला ते आधी कळतं. काजू तुकडा, कसुरी मेथी, क्रीमचं छोटं पाकीट. टोमॅटो-काजू शिजवून मिक्सरला फिरवले. झालं. आंबट जरा, पण चांगलं होतं.
ह्यांनी एक घास खाल्ला. "हे सेम हाय व्हय?" ताट भिंतीवर. मग माझं मनगट पिरगाळून ओट्याच्या कडेवर आपटलं. बांगड्यांची काच आत घुसली.
आत्या तुकडे गोळा करत होत्या. "बांगड्या वाढल्या म्हन गं. सवाशिणीनं फुटल्या म्हनू न्हाई."
बरं. ताट मी वाढलं, बांगड्या ह्यांनी वाढवल्या.

६ नोव्हें.
मार्टात पॅकिंगवरची रीना हाताची पट्टी बघून काय झालं विचारत होती. बिहारची आहे, माझं हिंदी हे असं. म्हटलं, "चूडी बढ गयी." तर म्हणते, "अच्छा है ना दीदी, अब कितनी हो गयी?" हसू आवरेना. हसताना हात ठणकत होता.

९ नोव्हें., रवि.
परत केलं. चमचाभर साखर, आंबटपणा गेला. रंग मात्र फिका.
"सेम न्हाई." कानाखाली. अजून कानात शिट्टी वाजतेय.

१४ नोव्हें., शुक्र.
सापडलं! धूर! वाटीत पेटता कोळसा, वर तूप, वाटी भाजीत ठेवायची नि पटकन झाकण. आणि रंगाची मिरची पूड बटरमध्ये आधी परतायची, नंतर नाही. तनू दारातूनच ओरडली, "आई, हॉटेल!"
हे जेवले. रोटीवर रोटी. "आज सेम हाय." माझा जीव भांड्यात पडला.
मग हात धुऊन आले. "म्हंजी येत हुतं तुला. इतके दिस मुद्दाम नासवत हुतीस."
केस धरून खाली पाडलं. पट्टा. पाठ, मांड्या. परत तोच हात, पायाखाली घेतला. आत्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

१६ नोव्हें., रवि.
दुपारी तनू ओसरीवर भातुकली मांडून बसली होती. चिखलाचं पनीर. बाहुलीने केलंय म्हणे. चाखल्यासारखं केलं नि फाडकन बाहुलीच्या तोंडात दिली. "सेम न्हाई."
तिथेच माझं डोकं फिरलं.
संध्याकाळी त्याने परत पनीर मागितलं. त्याला आता हे-बिहे म्हणणार नाही. मी कढई उतरवत होते, तो बोटं नाचवत आला, "आज जर का..." पुढचं बोलू दिलं नाही. उकळती ग्रेव्ही पायावर ओतली. अख्खी. गुरासारखा ओरडला. मला वाईट वाटलं नाही. अजून वाटत नाही.
तनूला काखोटीला मारलं, रस्ता गाठला, मिळेल त्या जीपने मालेला, माहेरी. दादाच्या दारात आल्यावर कळलं, पायात चपला नाहीत.

१९ नोव्हें., बुध.
दादाच्या अंगणात बैठक. तो पायाला फडकं गुंडाळून, आत्या, त्याचे चुलते. चुलत्यांनी विचारलं, "पोरीच्या हाताला काय झालं?"
आत्या घाईघाईने, "बांगड्या वाढल्या, दुसरं काय."
सगळे माझ्याकडे बघायला लागले. दादापण. व्हय म्हण नि मिटव, असं त्याच्या तोंडावर.
"वाढल्या न्हाईत. फोडल्या. ह्यानं फोडल्या."
आत्यांनी कपाळ बडवून घेतलं. "नवरा जिता हाय आन फोडल्या म्हनतीस? माझ्या लेकाच्या जिवावर उठली गं ही!"
तो लंगडत माझ्या अंगावर धावला. सगळ्यांदेखत. गळा धरला. दादा मधे पडला, खुर्ची मोडली, चुलत्यांनी त्याला ओढून काढलं. दादाचा ओठ फुटला.
ओठ फुटला म्हणतात सगळे. वाढला म्हणत नाही कोणी.

२२ नोव्हें., शनि.
इथल्या दुकानात पनीर कुठलं. वहिनीकडे बटाटे होते. काजूऐवजी शेंगदाणे, क्रीमऐवजी साय. धूर तेवढा दिला, चुलीतला कोळसा आयताच होता.
तनूने घास तोंडाजवळ नेला नि थांबली. "आई, हे सेम हाय?"
"नाही. वेगळंय. खा."
आधी माझ्या हाताकडे बघितलं. मग खाल्लं. परत मागितलं.
निरोप आलाय. उद्या आत्या येतायत, चार माणसं आणि हिरवा चुडा घेऊन. चुडा भरून न्यायचं म्हणे मला. तो पण येणार. दादा म्हणतो, "तू म्हणशील तसं." वहिनीने दाराची कडी दोनदा बघितली.
माझा पंजा अजून सुजलेला आहे. माझ्या मापाची बांगडी त्यावरून चढणार नाही.