नुसतं कवळीवाला म्हणायचं नाही

५ मे, सोमवार

आज मालकांनी लॅबचं शटर अर्धं ओढून घेतलं आणि आम्हाला समोर बसवलं. आम्ही म्हणजे दोघंच उरलोय. प्लास्टरताई डॉक्टरांकडून आलेल्या मापांत प्लास्टर ओततात, मी त्यावर कवळ्या करतो. बाकीचे केव्हाच मशीनवाल्या लॅबमध्ये पळाले.

बातमी अशी. मोठ्या हॉस्पिटलला कवळ्यांसाठी एकच लॅब ठरवायची आहे. काम मिळालं तर तरलो. नाही मिळालं तर महिनाअखेरीला शटर पूर्ण खाली. पुढच्या बुधवारी भेट. तिथल्या दातांच्या विभागाच्या मोठ्या मॅडमची अट: मालक नको, हाताने काम करणारा माणूस पाठवा. त्याने दोन मिनिटांत स्वतःची आणि कामाची ओळख करून द्यायची. नमुना म्हणून मॅडमच्या आईचीच कवळी करून न्यायची.

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. ताईंनी जमिनीकडे.

बिनधास्त राहा म्हटलं. बोलण्यात मला कोण हरवतंय! घरी जाताना बसचा स्टॉप चुकला, पण ती बसचीच चूक.

६ मे, मंगळवार

संकल्प: रोज आधी ओळखीची तयारी, मग कवळी.

मॅडमच्या आईची, म्हणजे आजींची, कच्ची कवळी गेल्या आठवड्यातच तयार झाली; ती कोणाची, हे तेव्हा मालकांनी सांगितलं नव्हतं. मेणात दात लावलेली. मॅडमनी ती आईच्या तोंडात बसवून पाहिली, आजी खूश. आता फक्त मेण वितळवून काढायचं, त्या जागी गुलाबी पक्का माल भरायचा, शिजवायचा, पॉलिश. एका दिवसाचं काम. डाव्या हाताने होईल. खरा प्रश्न शब्दांचा आहे.

जेवताना बायकोला विचारलं, कोणाला माझी ओळख करून द्यायची झाली तर काय सांगशील? ती म्हणाली, कवळ्या करतात. विचार करायलासुद्धा थांबली नाही. बिल्डिंगमध्ये मी कवळीवाला, ती कवळीवाल्यांची बायको, मुलगी कवळीवाल्यांची मुलगी. बास झालं. बुधवारी हा शब्द तोंडातून बाहेर पडता कामा नये.

८ मे, गुरुवार

साडूंना फोन केला. ते पाणी शुद्ध करायची मशिनं विकतात. हातात माईक धरलेला फोटो आहे त्यांचा, म्हणजे अधिकारी माणूस. म्हणाले, सुरुवात प्रश्नाने करायची आणि मधेच खिशातून एकदम वस्तू काढायची. समोरचा गार.

मसुदा एक: मी हास्याचा शिल्पकार. मसुदा दोन: मी मुखसौंदर्य पुनर्रचना तज्ज्ञ. दुसऱ्यात वजन आहे. आरशासमोर म्हणून पाहिला, पुनर्रचनेला जीभ अडखळली. तिथे उजेड कमी आहे.

ताईंनी दोनदा विचारलं, आजींची कवळी शिजायला लावू का? म्हटलं, ताई, घाई करू नका.

१० मे, शनिवार

न्हाव्यावर प्रयोग. विचारलं, तुम्ही शेवटचं मनापासून कधी हसलात? तो म्हणाला, मान हलवू नका, वस्तरा आहे. म्हणजे प्रश्न आत कुठेतरी लागला.

मालक दिवसभर जुन्या डॉक्टरांना फोन लावत होते. कोणी उचलेना. फोन ठेवला की मालक चष्मा पुसायचे, पुन्हा लावायचे. मला ते बघवेना, म्हणून जिन्यात जाऊन पाठांतर केलं.

११ मे, रविवार

बायको भडकली. दात कोरून पोट भरत नाही, आणि दातांवर भाषणं करून तर मुळीच भरणार नाही, म्हणाली. लॅब बंद पडली तर मुलीच्या कॉलेजचं काय, हे बोलता का कधी? मी म्हटलं, तुला प्रेझेंटेशनमधलं कळत नाही. मग ती उठून शेजारी गेली. घर शांत. पाठांतराला उत्तम वेळ, पण एक ओळ लक्षात राहिली नाही. रात्री दोनपर्यंत जागा. कॉफी सोडावी.

१३ मे, मंगळवार

आज कवळी पक्की करायचीच होती. पण सकाळीच वाक्य सुचलं: मी दात बसवत नाही, आत्मविश्वास बसवतो. व्वा! ते घोळवता घोळवता दुपार झाली. शिजवायला लावणार तेवढ्यात लाईट गेली. ती गेली ती गेलीच.

ताई पिशवी उचलून घरी गेल्या. बोलल्या असत्या तर उत्तर तयार होतं.

नीट विचार करता, मेणाचीच न्यावी हे उत्तम. पक्की कवळी कोणीही दाखवेल, कच्चीत हाताची कारागिरी दिसते. ही अडचण नाही, स्ट्रॅटेजी आहे.

१४ मे, बुधवार, सकाळ

लग्नातला कोट चढवला. बटण लागत नाही, पण उघडा कोट जास्त मोकळा वाटतो. कवळी रुमालात गुंडाळून आतल्या खिशात, छातीपाशी. बायको म्हणाली, डबीत घालून न्या. डबी उघडण्यात काय नाट्य आहे?

बुधवार, संध्याकाळ

लिहायला नको वाटतंय.

कॉरिडॉरमध्ये दुपार उलटेपर्यंत बसवलं. पंखा बंद. कोट काढावा तर शर्ट घामाने ओला. मशीनवाल्या लॅबचा माणूस आत गेला आणि हसतच बाहेर आला. मग मला बोलावलं.

मॅडम आणि दोन डॉक्टर. मी विचारलं, तुम्ही शेवटचं मनापासून कधी हसलात? कोणी हसलं नाही. मॅडम म्हणाल्या, तुमची ओळख करून द्या. म्हटलं, मी मुखसौंदर्य पुनर्. पुन्हा पुनर्. पुढचं काही केल्या येईना. आत्मविश्वासाचं वाक्यही गायब. घाबरून सरळ खिशात हात घातला.

रुमाल उघडला तर मेण मऊ पडलेलं. कवळी वाकडी. पुढचे दोन दात टेबलावर पडले आणि त्यातला एक घरंगळत मॅडमच्या कपापाशी जाऊन थांबला.

मॅडमनी तो उचलून हळूच माझ्या रुमालावर ठेवला. म्हणाल्या, आज पक्के दात येणार म्हणून आई सकाळपासून वाट बघतेय, तिला काय सांगू?

मी रुमालाची चारही टोकं गोळा केली आणि बाहेर पडलो.

१५ मे, गुरुवार

काम मशीनवाल्यांना गेलं. मालक म्हणाले, महिनाअखेरीला बंद करू. ओरडले नाहीत. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

कारणं: पंखा. लाईट. कोट. साडू.

ताईंनी आजींचा प्लास्टरचा साचा आणून माझ्यासमोर ठेवला. म्हणाल्या, काम गेलं ते गेलं, आजींच्या तोंडात अजून दात नाहीतच ना.

मला भीती वाटतेय. आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, आणि ताईंच्या आणि मालकांच्याही. लिहिलंय, खोडणार नाही.

१६ मे, शुक्रवार

दिवसभर एकही वाक्य सुचलं नाही. पुन्हा दात लावले, पक्का माल भरला, शिजवली, घासली, पॉलिश केली. कवळी झाली.

१७ मे, शनिवार

डबी घेऊन आजींच्या घरी गेलो. बेल वाजवली. आतून आवाज, कोण?

म्हटलं, नमस्कार, मी मुखसौंदर्य पुनर्रचना तज्ज्ञ. आज एकदाही अडखळलो नाही! आतून उत्तर आलं, आम्हाला काही घ्यायचं नाही.

पुन्हा बेल. म्हटलं, हास्याचा शिल्पकार. आजी म्हणाल्या, जातोस का वॉचमनला बोलावू?

जिन्यात कोणी नाही ना, ते पाहिलं. दाराला तोंड लावून म्हटलं, आजी, कवळीवाला आलोय.

लगेच कडी निघाली. अरे मग तसं सांग ना बाबा, म्हणाल्या, कधीची डोळे लावून बसलेय! उभ्या उभ्याच कवळी तोंडात बसवली, आत जाऊन टोस्ट आणला आणि माझ्यासमोर कडाकडा खाल्ला. मग दुसरा. मला एकही विचारला नाही. नंतर लेकीला फोन लावून म्हणाल्या, अगं, कवळीवाला येऊन गेला, झकास बसली. मी तिथेच उभा होतो.

मॅडम पलीकडून काय म्हणाल्या, ते ऐकू आलं नाही. काम काही परत मिळणार नाही.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं, योग्य शब्द शेवटी मीच शोधून काढला. ती म्हणाली, हो का.

सोमवारपासून दुसरीकडे नोकरी बघायची. कोणीही विचारणार, काय करता? आरशासमोर म्हणून पाहिलं. कवळ्या करतो. जीभ अडखळली नाही, आणि दोन मिनिटांतली जवळजवळ दोन्ही शिल्लक राहिली.